चहा स्वस्त झाला होता, तरीही

बॉस्टनमध्ये आम्ही चार दिवस होतो. हार्वर्ड झालं, बोटीतून फेरी झाली, सगळं झालं. मनात राहिलाय तो ओल्ड साउथ मीटिंग हाऊसमधला दीड तास.

फुटपाथवरच्या लाल विटांच्या पट्टीमागून, म्हणजे शहरातल्या ऐतिहासिक जागा जोडणाऱ्या फ्रीडम ट्रेलवरून, आम्ही चालत होतो. आईचे गुडघे अर्ध्या वाटेतच कुरकुरू लागले, म्हणून टेकायला आत शिरलो. इमारत १७२९ सालची, चर्च आणि सभेची जागा दोन्ही. बाक म्हणजे लाकडी खोकीच, चहूबाजूंनी फळ्या आणि आत जायला छोटं दार. पाठ अवघडते, पण उठावंसं वाटत नाही.

लोकांनी चहा समुद्रात फेकला ती बॉस्टन टी पार्टी इथूनच सुरू झाली. १६ डिसेंबर १७७३ ला इथे आतबाहेर मिळून पाचेक हजार माणसं जमली होती. बंदरात चहाची तीन जहाजं उभी होती आणि चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. हो, आपल्या मानगुटीवर बसलेली तीच कंपनी. ती कर्जात बुडाली, तेव्हा लंडनच्या पार्लमेंटने तिला अमेरिकेत थेट चहा पाठवायची मुभा दिली. पौंडामागे तीन पेन्स कर मात्र कायम ठेवला.

"म्हणजे चहा महागला?" आईने विचारलं.

"नाही गं, उलट चोरून येणाऱ्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता."

"मग फेकला कशाला?"

मी सांगू लागले. इथे तेव्हा ब्रिटिशांचं राज्य, पण त्यांच्या पार्लमेंटमध्ये इथल्या लोकांचा एकही माणूस नव्हता. १७६५ मध्ये कोर्टाच्या कागदांपासून वर्तमानपत्रं आणि खेळायच्या पत्त्यांपर्यंत सगळ्यावर स्टॅम्पचा कर बसवला, तो वर्षभरात मागे घ्यावा लागला. १७७० मध्ये इथून चार पावलांवर सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसं मेली. आता हा स्वस्त चहा प्यायला, की कर लावायचा ब्रिटिशांचा हक्क मान्य केल्यासारखंच.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अण्णा मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला मिठागरावर गेले होते ना, १९३० साली. मिठात कितीसे पैसे वाचणार होते त्यांचे? समुद्र आमचा, आम्हाला न विचारता कर लावणारे तुम्ही कोण, एवढंच होतं ते."

त्या संध्याकाळी इथली माणसं त्यातल्या एका जहाजाच्या मालकाची वाट बघत थांबली होती. चहा न उतरवता जहाज परत न्यायची परवानगी मागायला तो गव्हर्नरकडे गेला होता. अंधार पडल्यावर नकार घेऊन आला. त्या रात्री तीनेक तासांत ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. ब्रिटिशांनी बंदरच बंद केलं, आणि १७७५ मध्ये लढाई पेटली. मग ब्रिटिश सैनिकांनी याच सभागृहातले बाक उखडून आत माती पसरली आणि घोड्यांची रपेट सुरू केली. आपण बसलोय ते बाक नंतरचे आहेत हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

निघताना आई फिलिस व्हीटलीच्या पुतळ्यापाशी थांबली. ही गुलाम मुलगी याच चर्चची सभासद. १७७३ मध्येच तिच्या कवितांचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. फिलिस हे तिला आफ्रिकेतून आणणाऱ्या जहाजाचं नाव, व्हीटली हे मालकाचं आडनाव.

"आणि तिचं स्वतःचं?"

ते कुठेच लिहिलेलं नाही. आईने पुतळ्याच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. मीही घाई केली नाही.