मोजून ठेवलेली फट

मोटारीचे इंजिन म्हटले की डोळ्यांसमोर लोखंड येते. जड, काळे, तेलकट आणि तापलेले. प्रत्यक्ष देखभालीत मात्र लोखंडाला हात लावण्याची वेळ क्वचितच येते. मेकॅनिकचा बराचसा वेळ जातो तो लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये उरलेल्या रिकाम्या जागेची निगा राखण्यात. ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या दोन टोकांमधली फट, प्लगांना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटांमधली फट, टॅपेटची फट, फॅन बेल्टचा सैलपणा, ऑइलच्या पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर आणि कूलंटच्या टाकीत वरच्या बाजूला मोकळी सोडलेली जागा, एवढे जागच्या जागी असले की इंजिन वर्षानुवर्षे कुरकुर करीत नाही, आणि यातले एखादे जरी बिघडले तरी ते पहिल्या चढावावर तक्रार करू लागते.

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी वडिलांची अॅम्बॅसडर होती. मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला तयार होत असे आणि २०१४ पर्यंत ती निघत राहिली. तिचे १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन इतके साधे होते की बोनेट उघडल्यावर आत एखादा माणूस वाकून उभा राहील एवढी मोकळी जागा दिसे, आणि जे काही होते ते सगळे हाताला लागेल अशा ठिकाणी होते. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा दसऱ्याच्या आधी तिचे ट्यूनिंग व्हायचे. खंडेनवमीला गॅरेजातले पाने आणि पकडी धुऊनपुसून पाटावर मांडल्या जात आणि त्यांच्यावर झेंडूची फुले वाहिली जात, त्यामुळे ज्याला गाडी नीट करून घ्यायची असेल त्याला त्याआधीच नंबर लावावा लागे.

या ट्यूनिंगमधला सर्वांत देखणा भाग टॅपेट सेटिंगचा. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरात हवा-पेट्रोल घेणारी किंवा जळका धूर (एक्झॉस्ट) बाहेर सोडणारी झडप. तिच्या शेंड्यावर दाबणारा रॉकर आणि तो शेंडा यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, कारण इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि लांबायला जागा नसेल तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तर ज्वाळेतच उभा असतो. त्याला स्वतःची उष्णता टाकायला बैठकीचाच मुख्य आधार, आणि तीच सुटली की तो कडेने जळू लागतो. उलट फट वाढली तर टकटक आवाज येतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि गाडीचा दम कमी होतो. म्हणजे दोन्ही चुकांना शिक्षा आहेच, पण एक चूक बोंब मारते आणि दुसरी गुपचूप नुकसान करते. आमचे मेकॅनिक हे दोन वाक्यांत सांगत: "टॅपेट वाजता तो बरो. ओगी रावलो जाल्यार पळोवंक जाय." म्हणजे टॅपेट वाजतो तो बरा, गप्प राहिला तर पाहायला हवे. नव्याने गाडी घेतलेल्या माणसाला हे पटत नसे, कारण त्याला आवाज नसलेले इंजिनच निरोगी वाटे.

अॅम्बॅसडरची ही फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, मिलिमीटरमध्ये ०.३८. ती मोजायला फिलर गेज लागते. एका टोकाला जोडलेल्या पोलादी पात्यांचा तो जुडगा उघडून त्यातली पंधराची पाती वेगळी काढायची, तिला बोटाने तेल लावायचे आणि रॉकरखाली सरकवायची. कोणत्या गाडीचे माप इंजिन थंड असताना घ्यायचे आणि कोणत्या गाडीचे गरम असताना, हे आधी पुस्तकात पाहून घ्यावे लागते. माप आकड्यात असले तरी निर्णय बोटांचा असतो. पाती लोण्यासारखी सरकली तर फट जास्त, अडली तर कमी, आणि ओढताना तिला किंचित ओढ लागली, नको म्हणत म्हणत ती आली, तर बरोबर. मग एका हाताने स्क्रू तसाच धरून ठेवून दुसऱ्या हाताने पान्याने नट आवळायचा आणि पाती पुन्हा फिरवून पाहायची, कारण नट आवळताना स्क्रू केसभर फिरतो आणि जमलेले माप बिघडते. हे 'पुन्हा पाहणे' जो करतो तो मेकॅनिक, आणि जो करीत नाही तो नुसता नट आवळणारा, असा माझा साधा निकष आहे.

कोणता व्हॉल्व्ह केव्हा मोजायचा याचीही एक गंमत होती. चार सिलिंडरांचे आठ व्हॉल्व्ह पुढून मागे ओळीने मोजले तर आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिल्याची फट पाहायची, सहावा दाबलेला असताना तिसऱ्याची, चौथा दाबलेला असताना पाचव्याची, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याची. दाबलेला आणि मोजायचा मिळून बेरीज नेहमी नऊ. शाळेत गणितात रमणाऱ्या मुलाला बीजगणितापेक्षा या नवाने जास्त आनंद दिला असता. हा हिशेब त्या इंजिनातल्या व्हॉल्व्हांच्या मांडणीमुळे जमतो, प्रत्येक इंजिनाला तो लागू होत नाही. पण त्या वयात तो विश्वाचा नियम वाटे. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या करीत असेल तर यातला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो, आणि प्रत्येक वेळी ती पंधरा थाऊची फट बुजते आणि पुन्हा उघडते.

पॉइंटांची फटही जवळपास तेवढीच, आणि प्लगची पंचवीस थाऊ. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टची ठिणगी प्लगपर्यंत पोहोचते. चार सिलिंडरांच्या इंजिनात, त्याच ३००० फेऱ्यांच्या वेगाने, हे सेकंदाला शंभर वेळा घडते. त्यामुळे पॉइंट झिजतात, त्यांच्यावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो, मग ते बारीक कानशीने घासायचे किंवा बदलायचे. काढलेल्या प्लगचे टोक पाहून मेकॅनिक इंजिनाची प्रकृती सांगत. फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरट पडले असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा इंजिन अवाजवी तापते आहे, आणि ओले, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले आहेत आणि खर्चाची तयारी ठेवावी.

टाइमिंग मात्र डोळ्यांनी लावून कानांनी तपासायची गोष्ट होती. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडी आधी पडली पाहिजे. फार आधी पडली तर चढावावर इंजिन 'नॉकिंग' करते, म्हणजे आतून ठोकल्यासारखे वाजते, फार उशिरा पडली तर गाडी ओढत नाही आणि तापते. पुलीवरची खूण जुळवून डिस्ट्रिब्युटर आवळला की आमचे मेकॅनिक गाडी फर्मागुडीच्या चढावावर नेत, टॉप गिअर न बदलता पाय दाबत आणि खिडकीबाहेर कान काढून बसत. अगदी किंचित नॉकिंग ऐकू येऊन लगेच विरले की ते समाधानाने परत फिरत. जास्त झाले तर वाटेतच थांबून डिस्ट्रिब्युटर सुताएवढा फिरवीत. त्या चढावाच्या माथ्यावर गोव्याचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे वर्गात इंजिनाच्या ज्वलनाचे आलेख काढले जात असताना खाली रस्त्यावर हा दुसरा अभ्यासक्रम बिनबोभाट चालू असे, आणि परीक्षा मात्र दोन्हीकडे त्याच विषयाची.

गोव्याच्या हवेने या सगळ्यात आपली भर घातली आहे. जूनमध्ये पाऊस एकदा लागला की डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात दमट हवा शिरते, आतल्या भिंतीवर पाण्याची वाफ जमते आणि ठिणगी प्लगकडे जायचे सोडून त्या ओलसर भिंतीवरून वाट काढते. सकाळी गाडी घरघरते, पण चालू होत नाही. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसले की ती मुकाट्याने चालू होते. जुन्या झालेल्या प्लगच्या वायरींची परीक्षा पाहायची असेल तर पावसाळ्यातल्या रात्री अंगणातला दिवा मालवून इंजिन चालू ठेवावे आणि बोनेट उघडून हात लांब ठेवावेत. वायरीच्या रबराला तडे गेलेले असतील तर त्यांवरून निळ्या ठिणग्या इकडून तिकडे धावताना दिसतात. दिसायला हे सुंदर असते, पण दुसऱ्या दिवशी वायरींचा सेट आणायचा असतो.

उन्हाळ्यात मग धुळीची पाळी. उसगाव, साखळी, डिचोली या भागांत खनिजाचे ट्रक धावत त्या वर्षांत, म्हणजे २०१२ साली खाणी बंद पडण्याआधी, एअर फिल्टरचा कागद काढून आपटला की जमिनीवर तांबड्या भुकटीचा ढीग पडे. खाणी सोडल्या तरी आपला जांभा दगड आणि कच्चे रस्ते आहेतच. फिल्टर तुंबला की इंजिनाला हवा कमी पडते, आणि फाटका असेल तर तीच धूळ आत जाऊन सिलिंडरच्या भिंती घासते. समुद्राकाठी राहणाऱ्यांना बॅटरीच्या टर्मिनलांची निगा जरा जास्त राखावी लागते. टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली की कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून व्हॅसलीन लावणे, एवढे पुरते.

फॅन बेल्टचे माप अंगठ्याने घ्यायचे. इंजिन बंद असताना लांब बाजूच्या मध्यावर दाबला तर बेल्ट साधारण अर्धा इंच खाली गेला पाहिजे. सैल असेल तर तो पावसात किंचाळतो, बॅटरी नीट चार्ज होत नाही आणि जुन्या गाडीत पंखा मंदावून घाटात रेडिएटर उकळतो. अति आवळला तर पाण्याच्या पंपाचे बेअरिंग खातो, आणि हा खर्च मोठा. चोर्ला किंवा अनमोड घाट चढून आल्यावर रस्त्याकडेला बोनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या पूर्वी नित्य दिसत. अशा वेळी रेडिएटरचे टोपण उघडायचे नाही, एवढे तरी सर्वांना ठाऊक असावे. टोपणाने आत दाब धरून ठेवलेला असतो, त्यामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल केले की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. कूलंट नुसते थंड प्रदेशासाठी असते असा समज गोव्यात बराच आहे. इथे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही हे खरे, पण कूलंट पाणी उकळण्याचे तापमान वाढवते आणि आतल्या धातूंना गंज धरू देत नाही, म्हणून ते हवेच.

आता यातले बहुतेक काम इंजिनाने स्वतःकडे घेतले आहे. अनेक गाड्यांत टॅपेटची फट ऑइलच्या दाबाने आपोआप बुजलेली राहते. पॉइंट गेले आणि पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटरही. चढावावर कान लावून बसण्याचे काम इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला एक छोटा सेन्सर करतो आणि नॉकिंग सुरू होताच ठिणगी मागे घेतो, तेही आपल्याला कळायच्या आत. मला याचे दुःख नाही. जे काम दर क्षणी तपासायला हवे ते माणसाने वर्षातून दोनदा तपासावे यात काही शहाणपण नव्हते, आणि पावसातल्या सकाळी डिस्ट्रिब्युटर पुसण्यात तर काहीच काव्य नव्हते. तक्रार आहे ती मालकांबद्दल. इंजिनावर प्लास्टिकचे झाकण आले तेव्हापासून आपण बोनेट उघडणेच सोडले आहे, जणू त्या झाकणाखाली पाहण्याजोगे काही उरलेलेच नाही.

माझ्या भाच्याकडे नवी गाडी आहे. ऑइल पाहिलेस का, असे विचारले की तो म्हणतो, "मामा, कमी झालं तर दिवा लागेल ना!" डॅशबोर्डवरचा तो ऑइलच्या किटलीचा लाल दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही, दाब आहे की नाही एवढेच सांगतो. तो दाब संपल्यावर लागतो, म्हणजे पंपाला खेचायला ऑइल मिळेनासे झाल्यावर, आणि तोवर बेअरिंगे कोरडी घासू लागलेली असतात. पट्टी मात्र त्याच्या कितीतरी आधी सांगते. गाडी सपाटीवर उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, पट्टी काढून पुसावी, पुरती आत घालून पुन्हा काढावी आणि पाहावी. गोव्यात अशी सपाट जागा शोधणे हेच काम असते. आमच्या दारातला रस्ता उताराचा असल्यामुळे मी देवळासमोरच्या पटांगणात जातो, आणि तिथे पट्टी हातात धरून उभा असलो की दर्शनाला आलेले लोक 'गाडी बंद पडली का' असे आपुलकीने विचारतात. दोन खुणांमधले अंतर बहुतेक लहान गाड्यांत सुमारे एक लिटरचे असते. वरच्या खुणेच्या वर भरणेही वाईट, कारण मग फिरणारा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ऑइलमध्ये आपटून त्याचा फेस करतो आणि फेसात हवा असते, वंगण नसते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे; अशा वेळी इंजिन चालूच करू नये, गाडी ओढून न्यावी.

गेल्या महिन्यात भाचा बेळगावला निघाला होता, चोर्ला मार्गे. त्याला पटांगणात बोलावून मी पट्टी काढायला लावली. ऑइल खालच्या खुणेच्याही किंचित खाली होते, दिवा अर्थातच लागलेला नव्हता. अर्धा लिटर ओतले, पुन्हा पाहिले, मग आणखी थोडे. बोनेट उघडलेच आहे तर म्हणून वायपरखालच्या जाळीत साचलेली आंब्याची पाने काढली, कारण ती कुजली की पाणी जायची भोके बुजतात आणि पावसाचे पाणी गाडीच्या आत उतरते. बॅटरीच्या मागे उंदराने सुकी पाने आणि चिंध्या गोळा करून ठेवल्या होत्या, त्याही काढल्या. वायरी त्याने अजून कुरतडलेल्या नव्हत्या. बेल्ट अंगठ्याने दाबून पाहायला सांगितले, तर या गाडीत तो ताण आपोआप सांभाळला जातो असे त्याने मला समजावले, आणि ते बरोबरच होते. तडे तेवढे पाहून घेतले, नव्हते. मग तो निघाला.