सपोर्ट पर्सनची वही

पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या, केसेसमध्ये मुलांच्या बाजूने उभी राहणारी संस्था चालवायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे वकील किती?’ वकील लागतातच. पण कलम 40 प्रमाणे ऐपत नसलेल्या कुटुंबाला तो विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, आणि खटला चालवतात सरकारी वकीलच. मुलाला संस्थेकडून हवी असते ती केस संपेपर्यंत न बदलणारी एक ताई किंवा एक दादा, म्हणजेच सपोर्ट पर्सन. हे जमवणं हेच संस्था चालवणाऱ्याचं मुख्य काम. निधी, अहवाल, मीटिंगा सगळं त्याच्यानंतर.

सुरुवात कागदापासून. गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने सपोर्ट पर्सन नेमते. ही नेमणूकसुद्धा पोलिसांनी 24 तासांत कोर्टाला लेखी कळवायची असते. सपोर्ट पर्सन देणं ऐच्छिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलं. तरी हे दुसरं पत्र वाटेतच राहतं. मग साक्षीच्या दिवशी सुनावणी इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, म्हणून शिपाई दारातच अडवतो आणि मूल एकटं आत जातं. यासाठी समितीच्या आदेशाच्या तीन प्रती काढाव्यात. एक कोर्टात देऊन पोच घ्यावी, एक सरकारी वकिलांच्या फाइलला लावावी, एक स्वतःच्या पिशवीत ठेवावी. कामाला बहुतेक वेळा तिसरीच येते.

आता वही. नव्या कार्यकर्त्यांची हमखास चूक म्हणजे पहिल्याच गृहभेटीत मुलाकडून सगळी हकिकत ऐकून ती लिहून काढणं. हेतू चांगला असतो, पण मुलाला तेच पुन्हा सांगावं लागतं. शिवाय पोलिसांकडचा जबाब, मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब आणि ही वही यांत घटना कोणत्या वारी घडली एवढ्याचा फरक पडला तरी बचाव पक्षाला उलटतपासात आयतं हत्यार मिळतं. घटनेबद्दल विचारायचंच नाही. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, आणि काही नवीन, गंभीर कळलं तर ते तपास अधिकाऱ्यांना व समितीला कळवायचं. वहीत लिहायचं ते तारीख, कोण भेटलं, शाळा सुरू आहे का, झोप कशी आहे, कोणी धमकावलं का, पुढची तारीख कधी. बस.

पढवणं आणि तयारी यांतली रेघही इथूनच निघते. काय सांगायचं हे शिकवायचं नाही. कुठे, कसं आणि कोणासमोर बोलायचं ते दाखवायचं. साक्षीच्या आठवडाभर आधी, परवानगी घेऊन, कोर्ट उठल्यावर रिकाम्या दालनात मुलाला नेऊन आणावं. न्यायाधीश इथे बसतात, टायपिंग करणारे तिथे, पडदा हा, आरोपी त्याच्या पलीकडे. पाणी मागता येतं, शू लागली तर सांगता येतं. दोन वाक्यं मात्र चांगली घोटून घ्यावीत: ‘मला प्रश्न कळला नाही’ आणि ‘मला आठवत नाही.’

कलम 33 प्रमाणे वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि ते न्यायाधीशांनी मुलाला विचारायचे. बऱ्याचदा वकील सरळ मुलाकडेच वळतात. मग येतं, ‘त्याने तुला काही केलं नाही, हे खरं नाही का?’ आठ वर्षांचं मूल ‘हो’ म्हणतं. त्या ‘हो’चा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. सपोर्ट पर्सनला हरकत घेता येत नाही, मुलाकडे बघून मान हलवणं तर अजिबात नाही. एक चिठ्ठी सरकारी वकिलांकडे सरकवायची: ‘प्रश्न सोपा करून विचारायला सांगा.’ दुसरा ठरलेला प्रश्न, ‘ताईंनी सांगितलं तसंच बोलतोयस ना?’ ताईंनी सांगितलेलं असतं ‘खरं बोल’ एवढंच, पण मूल भाबडेपणाने ‘हो’ म्हणून मोकळं होतं. आधीच सांगून ठेवावं, ताई काय म्हणाली हे कोणी विचारलं तर जे म्हणाली तेच सांग, लपवायचं काही नाही.

आदिवासी भागात भाषा आडवी येते. पावरी बोलणाऱ्या मुलीला मराठीतून उलटतपास म्हणजे दुहेरी शिक्षा. दुभाष्यांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असायला हवी. साक्षीच्या सकाळी शोधाशोध करण्यापेक्षा समन्स निघायच्या आधी अर्ज द्यावा.

केस खरी मोडते ती दोन तारखांच्या मधे. कोर्टाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात खटला पूर्ण, असं कलम 35 म्हणतं. कोर्टाच्या रोजच्या बोर्डावरची केसेसची गर्दी वेगळंच सांगते. आरोपी नात्यातला असेल तर आईचा फोन लागेनासा होतो, मूल ‘मामाकडे गेलंय’ असं कळतं, आणि पुढच्या तारखेला साक्षीदार फितूर. त्यामुळे महिन्यातून एक भेट चुकवू नये. तारीख ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) स्वतः बघावी, समन्सची वाट पाहू नये. जामीन अर्जावर कुटुंबाला नोटीस मिळाली का तेही विचारावं. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याबाबत निर्देश दिलेले आहेत. आरोपी सुटून गल्लीत दिसल्यावर कळणं यासारखी वाईट बातमी नाही.

पैशाचंही तसंच. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती विशेष मदतीची शिफारस करू शकते आणि ती आठवड्यात मिळायला हवी. अंतरिम भरपाईचा अर्ज एफआयआरनंतर केव्हाही करता येतो, निकालापर्यंत थांबायचं कारण नाही. मनोधैर्य या पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तो अडकतो बहुतेक बँक खात्यावर, विशेषतः आरोपी बापच असेल आणि खात्यावर पालक म्हणून त्याचंच नाव असेल तेव्हा. नवं खातं पहिल्याच महिन्यात उघडून घ्यावं.

एका कार्यकर्तीकडे पंधराच्या वर केसेस देऊ नयेत. एकाच दिवशी दोन तालुक्यांत तारखा लागतात आणि एक मूल कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीच्या नातेवाइकांसमोर ताटकळतं. कोणी नोकरी सोडत असेल तर शेवटचा महिना जुनी आणि नवी अशा दोघींनी मिळून प्रत्येक घरी जावं. आणि साक्ष अर्धवट चालू असलेली केस जुन्या ताईनेच, नोकरी सुटल्यावरही, तेवढ्या तारखांपुरती सांभाळावी. तशी अट नेमणूकपत्रातच घालावी आणि त्या दिवसांचं मानधन वेगळं बाजूला काढून ठेवावं.