निकाल, तक्रार आणि नर्मदेपलीकडची पहिली नोकरी

नोकरीच्या चौथ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून म्हटलं, “सर, गोदामवाले मैटर का निकाल आ गया.”

साहेबांनी मान वर केली. “क्या निकाल के ले आई?”

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. म्हणून जरा मोठ्याने, “निकाल, सर. कोर्ट का निकाल.” तोवर बाहेर अकाउंट्सच्या दोघांचं टायपिंग थांबलं होतं. शेवटी साहेबांनाच उमगलं. “अच्छा, फैसला! तो फैसला बोलो ना.” तेव्हापासून ऑफिसात कुणाचा कागद हरवला की मला विचारतात, “मैडम, निकाल आया क्या?”

आमच्या सांगलीच्या आजीच्या लेखी नर्मदा ओलांडली की परमुलूख सुरू. मी इंदूरला निघाले तेव्हा तिने दुबईला जाणाऱ्या माणसाला द्यावा तेवढा डबा बांधून दिला. मैत्रिणींनीही “परदेशातले अनुभव लिहीत जा हं” म्हणून चेष्टा केली. (चेष्टा हा शब्दही मी आता जपून वापरते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.) पुण्याहून रात्रीची स्लीपर बस, धुळे, शिरपूर, सेंधवा आणि खलघाटाला नर्मदा. पासपोर्ट लागत नाही, पैसे बदलावे लागत नाहीत, लिपीसुद्धा आपलीच. घोटाळा तिथेच आहे. लिपी वेगळी असती तर माणूस सावध तरी राहिला असता.

इथवर कशी आले ते आधी सांगते, कारण लॉ करणाऱ्या दोघी-तिघींनी तेच विचारलंय.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी शेवटचं वर्ष दिलं, जुन्या भारतीय दंड संहितेतले ३०२, ४२०, ४९८-अ हे कलमांचे आकडे तोंडपाठ करून. १ जुलैला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम झालं १०३, फसवणुकीचं ३१८. बाबा अजूनही बातम्या बघताना कुणालाही “चारशेवीस” म्हणतात आणि मी मनातल्या मनात “तीनशे अठरा, पोटकलम चार” म्हणते.

त्याच महिन्यात एक गोष्ट मात्र बरी झाली. सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, बाबांनी वीस हजार बाजूला काढून ठेवले होते. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये नोंदणीची फी ७५० रुपये लिहिली आहे, बार कौन्सिलांना त्याहून जास्त घेता येणार नाही. काही राज्यांत हा आकडा चाळीस हजारांच्या वर गेला होता. आमच्या उरलेल्या पैशांत काळा कोट आला, बँड आले आणि नव्या कायद्यांची पुस्तकं आली.

मग पुण्यात एका सिनियरांकडे ज्युनियरशिप. स्टायपेंड पाच हजार, कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं साडेचार. उरलेल्या पाचशेत महिना कसा काढायचा हे एलएलबीच्या कुठल्याच पेपरला नव्हतं. सर वाईट नव्हते. “आम्हाला तर काहीच मिळत नव्हतं,” एवढंच म्हणायचे, आणि ते खरंच असणार. त्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक आलं की ज्युनियरांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० तरी द्यावेत. ‘द्यावेत’, म्हणजे शिफारस. मी त्याची प्रिंट काढली, सरांच्या टेबलावर ठेवायची म्हणून दोन दिवस पिशवीतून नेली-आणली, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या पाठकोऱ्या बाजूवर तारखा लिहून घेतल्या.

डिसेंबरात एआयबीई, म्हणजे वकिलांची अखिल भारतीय बार परीक्षा, दिली. शंभर प्रश्न, त्यातले पंचेचाळीस टक्के जमले की सुटका, आणि टिपणं न लिहिलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्यांची नुसती मूळ पुस्तकं, आत नेता येतात. ज्यांना ही परीक्षा सोपी वाटते त्यांनी सव्वीस पुस्तकांच्या ढिगातून लिमिटेशन ॲक्ट शोधून दाखवावा.

मुलाखतींबद्दल फार लिहीत नाही. फ्रेशर हवी पण अनुभव दोन वर्षांचा हवा, हे सगळीकडे. एका ठिकाणी लग्नाचं विचारलं, दुसऱ्या ठिकाणी “सांगलीहून रोज येणार का?” म्हणून विचारलं. लिंक्डइनवर मी एकशे चौदा अर्ज केले. उत्तरं सहा आली, त्यातली चार मशीनने पाठवलेली.

इंदूरची जागा कळली ती मात्र ताईआजींकडून. या माझ्या आजीच्या मावसबहीण, लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला साठ वर्षं होतील, रामबागेत राहतात. त्यांच्या शेजारच्यांच्या कंपनीत ‘लीगल’मध्ये माणूस हवा होता. माल साठवायचा, दुकानदारांना उधारीवर द्यायचा आणि मग उधारीच्या मागे लागायचं, असा कंपनीचा धंदा. व्हिडिओवर मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, “चेक बाउन्स हुआ, नोटिस कितने दिन में?” म्हटलं, “बैंक से पता चलने के तीस दिन के अंदर.” पुढचं संभाषण पगाराचं होतं. अठ्ठावीस हजार.

आणि इथेच एक ठेच लागते, जी कॉलेजात कुणी नीट सांगत नाही. बार कौन्सिलच्या नियमांतला नियम ४९: वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. करायची तर सनद थांबवून ठेवायची. म्हणजे जिच्यासाठी तीन वर्षं घासली, जिच्यासोबतचा बँड लावलेला फोटो बाबांनी देवघराशेजारी लावला, ती सनद सात महिन्यांची असताना मीच अर्ज करून स्थगित करून घेतली. फोटो अजून तिथेच आहे.

मार्चमध्ये रुजू झाले. २० मे २०२५ ला दुपारी बाबांचा फोन: “अगं, जज व्हायला तीन वर्षं प्रॅक्टिस लागणार म्हणे आता.” सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशांच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली होती. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम त्यात धरलं जातं. सनद थांबवून कंपनीत केलेलं नाही. मी म्हटलं, “बाबा, लंचनंतर बोलते.” डबा उघडला तर ताईआजींनी शेव घातलेली उसळ दिली होती. ती पूर्ण खाल्ली. बाबांना रात्री फोन केला, पण तेव्हा आम्ही दोघंही पावसाबद्दल बोललो.

आता शब्दांकडे येते, कारण इथे माझी खरी परीक्षा त्यांनीच घेतली. कायदे बहुतेक तेच, पण सांगलीत ज्याला सातबारा म्हणायचं ते इथे खसरा आणि बी-वन. फेरफार म्हणजे नामांतरण, तलाठी म्हणजे पटवारी, एनए म्हणजे डायवर्शन. मृत्युपत्राला वसीयत, वकीलपत्राला वकालतनामा, तारखेला पेशी. हे सोपं. वेगळा शब्द दिसला की पाठ करायचा. अवघड ते, जे आपल्यासारखे दिसतात.

पहिली हिंदी नोटीस मी लिहिली ती कंपनीच्या पॅनेलवरच्या वकीलसाहेबांकडे तपासायला नेली. हे मूळचे वाईकडचे, पण तीन पिढ्या इंदुरात. त्यांचं मराठी ऐकायला गोड आणि मधूनच वळण हिंदीचं: “मला बाजार जायचं आहे, तू इथेच बस.” तर मी लिहिलं होतं, “अन्यथा हमें आपके विरुद्ध तकरार दाखिल करनी पड़ेगी.” त्यांनी चष्मा कपाळावर नेला. “म्हणजे पैसे दिले नाहीत तर भांडायला येणार?” हिंदीत तकरार म्हणजे भांडण. कोर्टात दाखल होतो तो परिवाद. पुढच्या ओळीत मी चेक बाउन्सच्या कलम १३८ ची शिक्षा सांगितली होती, “दो वर्ष तक की शिक्षा हो सकती है.” आता ते खुर्चीत मागे रेलून हसायलाच लागले. “पोरी, दोन वर्षं शाळेत घालतेस का त्याला?” त्यांच्या कारकुनाला, मुंशीजींना, हाक मारून तो कागद दाखवला. मुंशीजींनी संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या आवारात निदान चार जणांना दाखवला असेल.

त्या रात्री मी वहीत दोन रकाने केले. खून: इकडे रक्त. अटक: इकडे अडकणं. दंड: इकडे शिक्षा. संशोधन: इकडे कायद्यातली दुरुस्ती.

हा शेवटचा शब्द मला आणखी एकदा नडला. गोदामासाठी घ्यायच्या जमिनीचे जुने कागद तपासताना होळकरांच्या काळातला एक कागद निघाला. मोडीत. साहेबांनी तो माझ्यासमोर सरकवला. “मराठी हो ना? पढ़ दो.” मोडीतली एक ओळ मला लागत नाही हे त्यांना कसं सांगावं कळेना. बरं, होळकरांचा बराच कारभार मराठीत चालायचा हे त्यांना ठाऊक, त्यामुळे प्रत्येक मराठी माणूस मोडी वाचत जन्माला येतो असा त्यांचा पक्का समज. फोटो काढून पुण्याच्या मैत्रिणीला पाठवला. तिने मोडीचा वर्ग केलाय. “कहाँ से सीखी?” साहेबांनी विचारलं. “भारत इतिहास संशोधक मंडल.” साहेब गंभीर झाले. “यानी वो लोग इतिहास में संशोधन करते हैं?” त्यांना दहा मिनिटं समजावलं, तरी चेहऱ्यावरचा संशय गेला नाही. कागद निघाला बैलांच्या वैरणीच्या हिशोबाचा.

पोहे-जिलबी आणि सराफ्याबद्दल लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलेत. फक्त एक. कचऱ्याची गाडी आली आणि मी ओल्यात चहाची कागदी पिशवी टाकली, तर ताईआजींनी मला गल्लीत उभं करून जे सुनावलं ते कुठल्याही उलटतपासणीपेक्षा कडक होतं.

पावसाळ्यात एक फाइल आली. जळगावकडच्या एका दुकानदाराचा एक लाख शहाऐंशी हजारांचा चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ म्हणून परतला होता. बँकेचा मेमो अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये सव्वीस दिवस पडून. मेमो मिळाला तो दिवस सोडून मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं, मग वकीलसाहेबांना फोन करून मोजायला लावलं. एकोणतिसाव्या दिवशी भर पावसात नोटीस स्पीड पोस्टाने गेली. पावती मी शर्टाच्या खिशात, प्लास्टिकमध्ये ठेवली होती.

आठवड्याने ऑफिसात फोन. “हां जी, वो आपका नोटीस आया, ते... हमको पूरा समझ्या नहीं.”

“काका, मराठीत बोला.”

पलीकडे क्षणभर शांतता. “तुम्ही आपल्याच का?”

“सांगलीची.”

“मग ताई, सांभाळून घ्या ना जरा. कापसाचे पैसे अडकलेत हो माझे. तक्रार नका करू.”

हा शब्द चार महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अर्थाने वापरला. बरं वाटलं, आणि लगेच अवघडल्यासारखंही झालं, कारण मी बसले होते कंपनीच्या खुर्चीत. विचारलं, नोटीस कधी मिळाली? म्हणाले, गुरुवारी. “मग काका, शुक्रवारपासून पंधरा दिवस मोजा. तेवढ्यात पूर्ण रक्कम आली पाहिजे. अर्धी देऊन केस टळत नाही.” हे सगळं नोटिशीत लिहिलेलंच होतं, मी फक्त मराठीत सांगितलं. केस इंदुरातच चालेल का, तेही त्यांनी विचारलं. हो. आमचं खातं इथल्या शाखेत आहे, २०१५ च्या दुरुस्तीनंतर तसंच. “म्हणजे दर तारखेला तिकडे यायचं?” पुढे काही बोलले नाहीत.

फोन ठेवला तर साहेब दारात. “मराठी में क्या सेटिंग चल रही है?” अर्धी थट्टा होती. उरलेल्या अर्ध्यासाठी मी झालेलं बोलणं शब्दशः टाइप करून फाइलला लावलं.

तेराव्या दिवशी एक लाख आले. पंधरा दिवस संपले, पुढचा महिना सुरू झाला. परिवाद दाखल करायला तेवढीच मुदत. साहेबांनी फाइल तयार ठेवायला सांगितली, मी ठेवली. यावेळी शिक्षेच्या जागी कारावास लिहिलं. महिना संपायला चार दिवस असताना बाकीचे शहाऐंशी हजार आले.

नंतर एक खोकं आलं. जळगावहून, केळ्याचे वेफर्स, दोन किलो. परत पाठवावं का, असं साहेबांना विचारेपर्यंत अकाउंट्सने ते फोडलं होतं. मी आवक रजिस्टरमध्ये रीतसर नोंद केली: तारीख, पाठवणाऱ्याचं गाव, वस्तू, वजन. शेवटच्या रकान्यात विषय लिहायचा असतो. तो अजून कोरा आहे.