बालदमा, शाळा आणि कपाटातला पंप: माझा अनुभव

बालदमा आणि शालेय आरोग्य हा माझ्या संशोधनाचा विषय. दम्याचं शास्त्र पुस्तकांत भरपूर सापडतं, पण मूल दिवसाचे इतके तास जिथे काढतं तिथे त्याच्या दम्याचं काय होतं, हे शाळेत गेल्याशिवाय कळत नाही.

त्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते. अभ्यास लहान मुलांचा असला की समिती प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून वाचते, आणि वाचायलाच हवी. पालकांची लेखी संमती तर लागतेच, शिवाय मुलाचाही होकार लागतो. पालकांची सही असली तरी मूल नको म्हणालं, तर त्याला घ्यायचं नाही. समिती एका प्रश्नावर अडून बसली: तपासणीत दम्याचा संशय आला, तर नुसती नोंद करून निघून जाणार का? त्यामुळेच डॉक्टरांकडे पाठवण्याची सोय आणि पालकांना द्यायचं पत्र आराखड्यात आलं. माझ्या मते संपूर्ण अभ्यासातला सर्वांत मोलाचा बदल तोच.

प्रश्नावलीसाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. १९९१ साली सुरू झालेल्या ‘आयझॅक’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने ६-७ आणि १३-१४ या वयोगटांसाठी साधे प्रश्न घालून दिलेत. त्यात ‘गेल्या १२ महिन्यांत श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का?’ असं विचारतात. दम्याचा शिक्का बसेल म्हणून कचरणारे पालकही या प्रश्नाचं मोकळेपणाने उत्तर देतात. निदान आधीच झालेल्या ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी दमा नियंत्रण चाचणी वापरली. तिच्यात ७ प्रश्न असतात. पहिले ४ मुलाने चेहऱ्यांची चित्रं बघून सोडवायचे, उरलेले ३ पालकांनी. उत्तरांच्या गुणांची बेरीज १९ किंवा कमी आली, तर दमा आटोक्यात नाही असं धरतात. इथे मुलांचं ऐकायलाच हवं. ‘धावताना, खेळताना किती त्रास होतो?’ या प्रश्नाला रडका चेहरा निवडणाऱ्या मुलाचे पालक शेजारी बसून ‘हा तर ठणठणीत आहे’ म्हणताना मी पाहिलेत.

एका शाळेतली मुलगी खेळाच्या तासाला नेहमी पायरीवर बसायची. पाय दुखतो म्हणायची. खेळून वर्गात परतलं की धाप लागते आणि सगळे बघतात, हे तिने नंतर सांगितलं. व्यायामामुळे श्वासनलिका आकसतात तेव्हा त्रास बऱ्याचदा थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत वाढतो. म्हणजे मैदानावरच्या शिक्षकांना तो दिसत नाही, आणि वर्गातल्या शिक्षकांना त्याचा मैदानाशी संबंध लागत नाही.

तिचा पंप, म्हणजे दम्याचं औषध श्वासावाटे घ्यायचा इनहेलर, होता कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटात.

मुख्याध्यापकांची अडचण खरी होती. औषध दिलं आणि काही झालं तर जबाबदार कोण? मी त्यांना ब्रिटनचं उदाहरण दिलं. तिथे १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना तातडीच्या वापरासाठी साल्ब्युटामॉल या आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप स्वतःजवळ ठेवता येतो. पण त्यांचं मन वळलं ते डॉक्टरांच्या सहीच्या लेखी आराखड्यामुळे: लक्षणं कोणती, किती फवारे, रुग्णालयात केव्हा न्यायचं. बोलताना वाक्य पूर्ण करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट बघायची नाही.

मग शिक्षकांचं प्रशिक्षण. पंप हलवायचा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळकांड्याला) लावायचा, एकच फवारा मारायचा, मुलाला ५-६ वेळा संथ श्वास घेऊ द्यायचा. दुसरा फवारा लागला तर पुन्हा हलवून. स्पेसरशिवाय घाईत मारलेला फवारा बराचसा तोंडात आणि घशातच राहतो, हे प्रात्यक्षिकाशिवाय पटत नाही.

त्या शाळेत आता पंप वर्गात शिक्षकांच्या खणात असतो आणि खेळाच्या तासाला मैदानावर जातो. नव्या वर्षी वर्गशिक्षक बदलतात, म्हणून प्रशिक्षण दर वर्षी शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात घ्यायचं, हे आम्ही शाळेच्या वेळापत्रकातच लिहून घेतलं.