टाकी धुणाऱ्या भाऊजींचं पत्रक

आमच्या धाकट्या भाऊजींचा सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुऊन द्यायचा धंदा आहे. एक टेम्पो, चार पोरं, गाळ उपसायची मोटर आणि जोराचा फवारा मारणारं मशीन. गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता ते पत्रकाचा मसुदा घेऊन आले. "वहिनी, तुम्ही जाहिरातीतल्या. जरा भाषा नीट करून द्या."

मसुद्यात होतं: 'अत्याधुनिक तंत्रज्ञानयुक्त सहा टप्प्यांची निर्जंतुकीकरण प्रक्रिया', 'कुशल व अनुभवी कर्मचारीवर्ग', 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय'. भाषेत एकही चूक नव्हती. असती तर बरं झालं असतं, दुरुस्त करून मी मोकळी झाले असते.

"हे वाचून फोन कोण करणार?"

"सोसायटीवाले."

"म्हणजे कोण?"

भाऊजी गप्प.

सोसायटी फोन करत नाही, सेक्रेटरी करतो. मी स्वतः दोन वर्षं आमच्या सोसायटीची खजिनदार होते, त्यामुळे ही बिनपगारी जमात मला चांगली माहीत आहे. टाकी धुवायची म्हटल्यावर सेक्रेटरीच्या डोळ्यांपुढे जंतू येत नाहीत, सोसायटीचा ग्रुप येतो. 'पाणी का गेलं?' 'आधी कळवायला काय होतं?' 'आमच्याकडे पाहुणे आलेत.'

मग दोन संध्याकाळी मी भाऊजींचे फोन स्पीकरवर ऐकत बसले. वहीत फक्त गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न लिहायचा, त्याच्याच शब्दांत. तंत्रज्ञानाचं कुणी नावही काढलं नाही. "पाणी किती वाजता सुरू होईल?" "आहे ते पाणी सगळं ओतून देणार का हो?" "बिल सोसायटीच्या नावावर मिळेल ना? ऑडिटला लागतं." आणि एका काकूंचा, माझा सगळ्यात आवडता: "ती पोरं बाहेर फिरलेल्याच पायांनी आत उतरतात का?"

पाणी ओतण्याचा प्रश्न का येतो, हे पिंपरी-चिंचवडकरांना सांगायला नको. नोव्हेंबर 2019 पासून आमच्याकडे दिवसाआड पाणी. पवना धरण भरल्याची बातमी दर पावसाळ्यात वाचायची आणि दुसऱ्या दिवशी बादल्या भरायच्या. अशा गावात भरलेली टाकी ओतायची म्हणजे टँकरचा खर्च आणि वर शिव्या. तुम्ही काय करता, म्हणून भाऊजींना विचारलं. ते सहज म्हणाले, "आम्ही त्यांची पाण्याची वेळ विचारून त्याच्या आधी जातो ना. टाकी तळाला गेलेली असते. धुऊन होईस्तोवर नळ येतो."

"मग हे मसुद्यात कुठंय?"

"त्यात काय लिहायचं?"

कपाळावर हात मारून घेतला. तीच पहिली ओळ झाली: 'तुमच्याकडे पाणी कधी येतं ते सांगा. त्याच्या आधी टाकी धुऊन देतो, भरलेली टाकी ओतावी लागत नाही.' काकूंचं उत्तरही तयारच होतं. टाकीत घालायचे गमबूट वेगळे असतात, पिशवीत ठेवलेले, टाकीच्या तोंडाशीच पायात चढतात. कितीतरी वर्षं हे चाललंय आणि कुणाला सांगितलेलं नाही! तेही घेतलं, आणि त्यापुढे भाऊजींचंच फोनवरचं वाक्य जसंच्या तसं: 'हवं तर वर येऊन बघा.' 'निर्जंतुकीकरण' मी काढलं नाही, पाचव्या ओळीत बसवलं. तेवढं मन राखावं लागतं.

भांडण झालं ते वेगळ्याच ओळीवरून. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण सापडले आणि सगळं पुणं पाणी उकळून प्यायला लागलं. भाऊजींना मथळा हवा होता, 'जीबीएसपासून कुटुंबाला वाचवा!' मी म्हटलं, टाकी आरशासारखी केलीत आणि वरून येणारं पाणीच खराब असलं तर? पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे रोज बघावं लागतं, ते तुमच्या हातात नाही. "बाकीचे लिहितात की," म्हणाले. दोन दिवस अबोला. शेवटी जाऊबाईंनीच विचारलं, "उद्या तिथं कुणी आजारी पडलं तर हेच पत्रक घेऊन जाणार का तुम्ही?" मथळा गेला.

या सगळ्यात मला खरा आनंद दिला तो पत्रकासोबतच्या एका छोट्या मजकुराने. सेक्रेटरीने तारीख-वेळ भरून ग्रुपवर नुसता पुढे पाठवायचा: 'उद्या अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत पाणी बंद राहील. आज रात्री दोन बादल्या आणि प्यायचं पाणी भरून ठेवा. नळ सुरू झाल्यावर पहिलं बादलीभर पाणी झाडांना, फरशीला वापरा.' म्हणजे गिऱ्हाइकाला ज्यांना तोंड द्यावं लागतं, त्यांच्यासाठीही आपणच लिहायचं. भाऊजींना हे फुकटचं काम वाटलं. मला विचाराल तर पत्रकापेक्षा तेच जास्त उपयोगी पडलं.

छापून आलं तेव्हा वर अंगठा दाखवणारा हसरा निळा थेंब होता. त्यावर मी काही बोलले नाही.

परवा मोशीतल्या एका मैत्रिणीने तिच्या सोसायटीच्या ग्रुपचा फोटो पाठवला. माझीच नोटीस, शब्दन् शब्द. तिच्याखाली दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलेलं: 'आमच्याकडे पाहुणे आलेत.'