आजींच्या भिंतीवरचा शेअर

अमेरिकेत विस्कॉन्सिनला येऊन आता सहावं वर्ष चालू आहे, आणि पहिल्या हिवाळ्यात आम्हाला सगळ्यात आधी कुणी घरी बोलावलं असेल तर ते शेजारच्या आजींनी, रविवारी, मॅच बघायला. आम्ही ॲपलटनला राहतो, तिथून ग्रीन बे गाडीने अर्धा-पाऊण तास. त्यांच्या हॉलमध्ये नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध एक फ्रेम होती, मला वाटलं कुणाचं तरी डिग्री सर्टिफिकेट असेल, तर तो निघाला ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा शेअर! १९९७ साली २०० डॉलरला घेतलेला.

मी विचारलं, आता किती किंमत झाली असेल याची? त्या म्हणाल्या काहीच नाही, विकताच येत नाही. डिव्हिडंड नाही, तिकिटात सवलत नाही, फार तर घरातल्याच कुणाच्या नावावर करता येतो. मिळतो तो मत द्यायचा हक्क आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेचं बोलावणं. सर्वसाधारण सभा म्हटल्यावर मला एकदम आमचे आजोबा आठवले, साखर कारखान्याचे सभासद होते, सभेच्या दिवशी धुवट धोतर नेसून सकाळीच निघायचे आणि कायम "आपला कारखाना" असंच म्हणायचे. त्यांना निदान दिवाळीला साखर तरी मिळायची, आजींना तेवढंही नाही, पण "आमची टीम" म्हणताना आवाज अगदी तोच. मला ही टीम कळली ती तिथे, खेळाचे नियम नंतर कळले.

१९१९ साली कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून या दोघांनी टीम उभी केली. लॅम्बो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता तिनं ड्रेस आणि सामानासाठी ५०० डॉलर दिले, म्हणून नाव पॅकर्स. कंपनीचं नाव गंमत म्हणजे इंडियन पॅकिंग कंपनी, पण आपल्याशी काही संबंध नाही हां. पैशाची ओढाताण पहिल्यापासून, मग १९२३ ला गावातल्या लोकांनीच शेअर घेऊन टीम चालवायला घेतली आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा गरज पडली, १९३५, १९५०, १९९७, २०११, २०२१, तेव्हा तेव्हा लोकांनी परत पैसे घातले. आज पाच लाखांच्या वर भागधारक आहेत. आणि गाव केवढं? लाखभर वस्तीचं! एनएफएल म्हणजे इथली फुटबॉलची व्यावसायिक लीग, तिच्या ३२ टीममध्ये असं दुसरं कुठंच नाही, बाकी सगळीकडे मालक.

मालक असला की काय होतं ते बाल्टिमोरला विचारा. १९८४ च्या मार्चमध्ये मालकानं एका रात्रीत ट्रक भरून अख्खी टीम इंडियानापोलिसला हलवली, सकाळी लोक उठले तर टीम गेलेली. ग्रीन बेमध्ये हे होऊच शकत नाही, कारण उद्या टीम विकली तरी पैसा भागधारकांच्या खिशात जात नाही, तो समाजकार्याला जातो. त्यात टीव्हीचे पैसे सगळ्या टीमना सारखे वाटले जातात, म्हणून एवढंसं गाव न्यूयॉर्कसमोर टिकतं.

आजी सगळ्यात जास्त बोलतात ते आइस बोल नावाच्या गाजलेल्या मॅचवर. ३१ डिसेंबर १९६७, समोर डॅलस काउबॉइज, तापमान उणे २५ सेल्सिअस, मैदानाखाली बसवलेली हीटिंगची यंत्रणा बंद पडलेली, रेफ्रींच्या शिट्ट्या गोठल्या म्हणून ते ओरडून खेळ थांबवत होते, आणि तरी ५० हजार माणूस जागेवर बसून होता! शेवटची १६ सेकंद, १७-१४ ने मागे, बॉल घेऊन जी ओलांडायची ती गोल रेषा दोन फुटांवर. किक मारून बरोबरी साधता आली असती, पण पॅकर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल वाटून देणारा मुख्य खेळाडू, बार्ट स्टार बॉल कुणाला न देता स्वतःच घेऊन घुसला आणि २१-१७ ने जिंकले. कोच होते विन्स लोम्बार्डी, सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकणाऱ्याला आज जी ट्रॉफी मिळते ती त्यांच्याच नावाची. पॅकर्सच्या एकूण १३ चॅम्पियनशिप आहेत, एवढ्या कुणाच्याच नाहीत.

मागच्या वर्षी आजींनी आम्हाला पॅकर्सच्या स्टेडियमवर, लॅम्बो फील्डवर नेलं. स्टेडियम वस्तीच्या मधोमध, आजूबाजूचे लोक आपल्या घराच्या अंगणात गाड्या लावू देतात, सकाळपासून शेगड्या पेटलेल्या, ब्रॅटवर्स्ट सॉसेजचा धूर, आणि डोक्यावर फोमचे पिवळेधमक चीजचे तुकडे घातलेली माणसं, कारण हे दुधाचं राज्य. शिकागोवाले चीजहेड म्हणून चिडवायचे, यांनी तेच डोक्यावर घेतलं. पायाखाली पुठ्ठा ठेवायचा हे आजींनीच शिकवलं, थंडी सिमेंटमधून चढते ना. टचडाउन झाला, म्हणजे बॉल गोल रेषेपार गेला, आणि खेळाडूनं पळत जाऊन सरळ प्रेक्षकांत उडी मारली, लोकांनी त्याला वरच्या वर झेललं. पॅकर्सच्याच लेरॉय बटलरनं १९९३ ला ही रीत पाडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो.

सीझन तिकिटं, म्हणजे अख्ख्या हंगामाची एकदम मिळणारी, १९६० पासून संपलेलीच आहेत, वेटिंग लिस्टवर लाखाच्या वर नावं, इथे मूल जन्मलं की लोक नाव टाकून ठेवतात. आमच्या लेकीचं नाव गेल्या महिन्यात टाकलं. फॉर्म आजींनीच भरला.