'एंटरप्राइझ'ची सातत्य-वही: चौथा सीझन संपल्यावर

चौथा सीझन पुन्हा बघून झाला. कॅप्टन आर्चरच्या 'एंटरप्राइझ'चे सगळे 98 एपिसोड या फेरीत पूर्ण झाले आणि वहीतला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत भरला. आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही 'स्टार ट्रेक' मालिका 2001 ते 2005 या काळात आली. गोष्ट सुरू होते 2151 साली, म्हणजे मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या सफरीच्या शंभरेक वर्षं आणि 'फेडरेशन' या ग्रहांच्या संघाच्या स्थापनेच्या दहा वर्षं आधी. पुढे काय होणार हे प्रेक्षकांना 1966 पासून ठाऊक आहे आणि पात्रांना त्याचा पत्ताच नाही. प्रीक्वेलची सगळी गंमत यात आहे आणि भांडणंही यातूनच निघतात.

तक्त्यात आतापर्यंत मुख्य रकाने दोनच होते: जुन्या मालिकांत काय म्हटलंय आणि इथे काय दाखवलंय. या फेरीत तिसरा घातला: 'हे कोण सांगतंय, आणि त्याला ते कुठून कळलं?' या रकान्याने निम्मे वाद मिटवले आणि उरलेले जास्त धारदार केले. जुन्या मालिकेतलं प्रत्येक वाक्य आपण दगडावरची रेघ समजतो. पण ते वाक्य कोणाच्या तरी तोंडचं असतं आणि बोलणाऱ्याला सगळंच माहीत असतं असं नाही.

रकान्याचा काही उपयोग होत नाही अशी एक नोंद आधी उरकतो, कारण ती शुद्ध गणिताची आहे. पहिल्याच 'ब्रोकन बो' एपिसोडमध्ये वॉर्प साडेचारने (वॉर्प म्हणजे प्रकाशाहून जास्त वेगाचं माप) नेपच्यूनला जाऊन सहा मिनिटांत परत, असं बोलणं आहे. मी ते कागदावर मांडून बघितलं. नेपच्यून साधारण साडेचार अब्ज किलोमीटरवर. प्रकाशाला जाऊन-येऊन आठ तासांहून थोडा जास्त वेळ, म्हणजे 500 मिनिटं धरा. चाहते पूर्वापार जे घनाचं सूत्र वापरतात (वॉर्पच्या आकड्याचा घन, प्रकाशाच्या तितक्या पट वेग) त्याप्रमाणे साडेचारचा घन 91. पाचशे भागिले 91 म्हणजे साडेपाच मिनिटं. सुरेख जमलं! लिहिणाऱ्यांपैकी कोणीतरी आकडेमोड केली होती हे बघून फार बरं वाटलं. पण त्याच एपिसोडमध्ये लढवय्या क्लिंगॉन लोकांचा ग्रह चार दिवसांच्या अंतरावर आहे. प्रकाशाच्या 91 पट वेगाने चार दिवसांत जेमतेम एक प्रकाशवर्ष कापलं जातं. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे तिथे पोचायलाच सतरा दिवस हवेत. अवकाशाच्या भागागणिक वॉर्पचा वेग बदलतो असं धरून काही मंडळी हे सांधतात. मालिकेत असं कोणी म्हणत नाही, म्हणून माझ्या तक्त्यात ही नोंद लालच, म्हणजे न जुळणारी, राहील.

आता रोम्युलन, म्हणजे रोम्युलस ग्रहावरचे पृथ्वीचे शत्रू. या फेरीत सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

मूळ मालिकेतला 1966 चा 'बॅलन्स ऑफ टेरर' आठवा. शंभर वर्षांपूर्वी पृथ्वी आणि रोम्युलस यांच्यात झालेल्या युद्धाबद्दल कर्कच्या यानावरचा व्हल्कन वंशाचा स्पॉक सगळ्यांना सांगतो. आजच्या मानाने मागासलेली अणुशस्त्रं, मागासलेली यानं, यानायानांत चित्रसंपर्क नाही, कैदी नाहीत. त्यामुळे कोणी कोणाचा चेहरा पाहिलेला नाही. समोरचं यान अदृश्य होतं तेव्हा स्पॉक म्हणतो की प्रकाश वळवून असं करणं तत्त्वतः शक्य आहे, पण त्याला प्रचंड ऊर्जा लागेल. म्हणजे ही गोष्ट त्याला नवी आहे.

आणि 2002 च्या 'माइनफील्ड'मध्ये काय होतं? आर्चरच्या यानाला एक अदृश्य सुरुंग लागतो. दुसरा सुरुंग यानाच्या पाठीवर येऊन चिकटतो, तो निकामी करताना आर्चरचा अधिकारी रीड याच्या पायातून खिळा आरपार जातो आणि तो तिथेच जखडला जातो. आर्चर बाहेर त्याच्याशेजारी बसून काम करतोय आणि समोर रोम्युलन यान अदृश्यतेतून बाहेर येतं. फक्त आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. चेहऱ्याचा नियम पाळला, अदृश्यतेचा मोडला.

माझी मामेबहीण या विषयावर अजिबात हटत नाही. "दादा, आर्चर रोज लॉग लिहितो ना? स्टारफ्लीटकडे तो असणारच. मग शंभर वर्षांनी स्पॉकने तो वाचलेला नाही? स्पॉकने?" या प्रश्नावर तिसरा रकानाही हात टेकतो. दुसरं कोणी असतं तर अज्ञान चाललं असतं, पण बोलणारा यानावरचा विज्ञान अधिकारी आहे आणि विषय त्याच्या कामाचा आहे. कोणी म्हणतं, दोन्ही वेळचं तंत्र वेगळं होतं, जुन्याला तोडगा निघाला आणि हे नवं आलं. शक्य आहे. पण मग स्पॉकने तसं म्हणायला हवं होतं. त्यात सुलिबान या दुसऱ्या परग्रही लोकांची अदृश्य यानं तर पहिल्याच सीझनपासून दिसतात. बहिणीचं म्हणणं मी तक्त्यात जसंच्या तसं उतरवलं आहे.

चौथ्या सीझनने चेहऱ्याचा प्रश्न मात्र किती मेहनतीने सोडवला ते बघा. 'बेबल वन', 'युनायटेड' आणि 'द एनार' हे तीन एपिसोड सलग बघावेत. एक अनोळखी यान कधी टेलराइट तर कधी अँडोरियन यानाचं रूप घेऊन हल्ले करतंय आणि मित्र होऊ पाहणाऱ्यांत वैर पेरतंय. आर्चरचा अभियंता ट्रिप आणि रीड त्या यानात अडकतात, वाट काढत नियंत्रणकक्षापर्यंत पोचतात, तर तिथे कोणीच नाही. यान दुरून, थेट रोम्युलसवरून चालवलं जातंय. आपल्याला रोम्युलन दिसतात, आर्चरला दिसत नाहीत. स्पॉकचं ते एक वाक्य राखण्यासाठी तीन एपिसोडचं कथानक रचलं, आणि नियम माहीत नसलेल्यालाही ते रिकामं यान बघून धडकी भरावी असं रचलं. सातत्य सांभाळणं म्हणजे नुसतं जुन्याला धक्का न लावणं नव्हे. जुन्या अटीतून नवी गोष्ट उगवली पाहिजे.

फेरेंगी (नफ्याला हपापलेली परग्रही जमात) आणि बोर्ग (अर्धे जीव, अर्धे यंत्र असलेले शत्रू) यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, कारण युक्ती एकच: नाव उच्चारायचं नाही. 'ॲक्विझिशन'मध्ये फेरेंगी यान लुटतात आणि आपण कोण हे न सांगता जातात, म्हणून नंतरच्या काळातल्या मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डच्या वेळची पहिली भेट कागदोपत्री शाबूत राहते. मला ते लबाडीचं वाटतं. एपिसोडला फेरेंगींची गरजच नव्हती, दुसरे कोणीही लुटारू चालले असते. 'रीजनरेशन'मधले बोर्ग वेगळे. आर्क्टिकच्या बर्फात सापडलेले ते अवशेष 1996 च्या चित्रपटातून उरलेले आहेत, म्हणजे त्यांचं तिथे असणं हाच आधीच्या कथेचा परिणाम आहे. शेवटी त्यांनी पाठवलेला संदेश दूरच्या डेल्टा क्वाड्रंटकडे, म्हणजे बोर्गांच्या मुलखाकडे निघतो आणि पोचायला निदान दोनशे वर्षं लागतील असं आर्चरची व्हल्कन अधिकारी टि'पॉल सांगते. 2153 मध्ये दोनशे मिळवा आणि पिकार्डची बोर्गशी गाठ 2365 मध्ये पडते हे लक्षात घ्या. हा हिशेब डोक्यात ठेवून तो एपिसोड पुन्हा बघितला की शेवट फार भेदक वाटतो.

क्लिंगॉनांच्या कपाळाबद्दल शेजारच्या काकांशी जोरदार चर्चा झाली. काकांनी मूळ मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर बघितलेली, त्यामुळे त्यांच्यासाठी खरा क्लिंगॉन म्हणजे सपाट कपाळाचा. ते म्हणाले, "अरे, तेव्हा मेकअपला पैसे नव्हते, 1979 च्या चित्रपटात आले, म्हणून कपाळाला वळ्या आल्या. यात समजावायचं काय?" काकांचा मुद्दा रास्त होता, 1996 पर्यंत. त्या वर्षी 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत वळ्यांच्या कपाळाचा क्लिंगॉन वॉर्फ जुन्या क्लिंगॉनांच्या समोर येतो आणि आम्ही बाहेरच्यांशी यावर बोलत नाही, असं म्हणून विषय तोडतो. कथेतल्या पात्राने फरक मान्य केला की तो मेकअपचा प्रश्न राहत नाही, इतिहासाचा होतो. 2005 चे 'अफ्लिक्शन' आणि 'डायव्हर्जन्स' तो इतिहास सांगतात. क्लिंगॉन शास्त्रज्ञ माणसांच्या सुधारित जनुकांवर प्रयोग करतात, त्यातून साथ पसरते आणि आर्चरच्या यानावरच्या डॉक्टर फ्लॉक्सचा उपाय जीव वाचवतो पण कपाळ सपाट करून जातो. मला यात कपाळापेक्षा फ्लॉक्स महत्त्वाचा वाटतो. पळवून आणलेला डॉक्टर, शत्रूची प्रयोगशाळा, आणि लाखो रोगी. आणि वॉर्फची ती चुप्पी आता लाजेची वाटते, जी आधी फक्त विनोदाची होती.

क्लिंगॉनांशी पहिली भेट अनर्थकारक ठरली आणि दशकानुदशकं युद्ध चाललं, असं पिकार्ड 1991 च्या एका एपिसोडमध्ये म्हणतो. इथे ती भेट ओक्लाहोमातल्या शेतात होते, एक शेतकरी क्लिंगॉनावर गोळी झाडतो आणि आर्चर त्याला जिवंत घरी पोचवतो. युद्ध काही लगेच पेटत नाही. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'पिकार्ड, एका नवख्या ग्रहाच्या प्रमुखाला सावधपणाचं महत्त्व पटवून देताना.' दोनशे वर्षांचा इतिहास तो दोन वाक्यांत सांगतोय. नोंद हिरवी केली.

सगळ्यात समाधानाची नोंद व्हल्कनांची, म्हणजे स्पॉकच्या तर्कनिष्ठ लोकांची आहे. पहिले दोन सीझन चालू असताना चाहत्यांची मोठी तक्रार हीच होती की हे व्हल्कन स्पॉकचे पूर्वज वाटतच नाहीत. पी'जेमच्या पवित्र मठाखाली हेरगिरीचं केंद्र लपवतात, उघड खोटं बोलतात. 'स्टिग्मा'मध्ये तर मनमीलन (दुसऱ्याच्या मनाशी आपलं मन जोडणं) करणाऱ्यांना समाजाबाहेर ठेवलं जातं, आणि स्पॉक ते आयुष्यभर करत आलेला. चौथ्या सीझनमध्ये मॅनी कोटो यांच्या हाती सूत्रं आली आणि त्यांच्या लेखकांनी या तक्रारीचंच कथानक केलं: 'द फोर्ज', 'अवेकनिंग', 'किर'शारा'. हे व्हल्कन त्यांचा प्राचीन गुरू सुराक याच्या शिकवणीपासून भरकटलेले आहेत. त्याचं मूळ लिखाण हरवलेलं आहे आणि आर्चर डोक्यात सुराकचा अंश घेऊन ते वाळवंटातून शोधून आणतो. टि'पॉलला मनमीलनातून जडलेला, असाध्य म्हणून हिणवला गेलेला आजार तरुण टि'पाउ मनमीलनानेच बरा करते. ही तीच टि'पाउ, जी म्हातारपणी स्पॉकच्या लग्नविधीला येते.

आता इथे तिसरा रकाना लावून बघा. स्पॉक ज्या परंपरेबद्दल बोलतो ती त्याला सनातन वाटते. प्रत्यक्षात ती त्याच्या जन्माआधी शे-पाऊणशे वर्षांपूर्वी पुन्हा उभी केलेली आहे, आणि तीही एका माणसाच्या मदतीने. जुन्या मालिकेतलं एकही वाक्य न खोडता तिचा अर्थ खोल झाला. कोटो 2023 मध्ये गेले. हे तीन एपिसोड लागले की त्यांची आठवण येतेच.

शेवटच्या एपिसोडबद्दल फार लिहिवत नाही. 2161, फेडरेशनचा उंबरठा, आणि आपण सगळं बघतो ते पिकार्डच्या यानावरच्या होलोडेकमध्ये (दृश्यं खरी वाटावीत अशी उभी करणारी खोली) त्याचा अधिकारी रायकर बघतोय म्हणून. ट्रिपचा मृत्यूही असाच, रायकरच्या एका निर्णयाला आधार म्हणून दाखवलेला. चार वर्षं ज्यांच्यासोबत काढली त्यांचा निरोप दुसऱ्याच मालिकेतल्या पात्राच्या सोयीने घ्यायला लावला, हे मला अजून पटत नाही. त्या ओळीच्या तिसऱ्या रकान्यात 'होलोडेक, दोनशे वर्षांनंतरची पुनर्रचना' असं लिहिलं आहे आणि रंग दिलेला नाही. ट्रिप वाचला असं मानणाऱ्या चाहत्यांना तेवढी फट पुरते. लेखकांना तो खरंच मेलेला अभिप्रेत होता, असं बहिणीचं मत, आणि तेही ओळीखाली टिपलं आहे.

पुढचं काम: 'इन अ मिरर, डार्कली'चे दोन भाग आणि 1968 चा 'द थोलियन वेब' एकापाठोपाठ बघायचे. मूळ मालिकेत नाहीसं झालेलं 'डिफायंट' यान इथे शंभर वर्षं मागे, आरशातल्या विश्वात सापडतं. जुन्या यानाचा नियंत्रणकक्ष त्यांनी नव्याने बांधला आहे, तो चौकट चौकट थांबवून जुन्याशी ताडून बघायचा आहे. खुर्च्या, बटणं, स्पॉक डोळे लावायचा तो दर्शक, सगळं. कोणी हे आधी केलं असेल तर आपल्या नोंदी पाठवा, दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघू.